पोडावरच्या शाळेमागे कोण कोण उभं असतं?

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातल्या एखाद्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, जाऊन बघा. पंधरा-वीस घरं, आजूबाजूला कपाशी-तुरीची रानं आणि थोडी बाजूला जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. दोन गुरुजी, तीसेक मुलं. भिंतीवर शाळेचं नाव, केंद्र, पंचायत समिती आणि त्याखाली एक अकरा आकडी क्रमांक रंगवलेला असतो. त्याला म्हणतात यू-डायस क्रमांक. येणारे-जाणारे तो कधी वाचत नाहीत. आज वाचूया.

सुरुवातीचे दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढचे दोन १४, म्हणजे यवतमाळ जिल्हा. नंदुरबारपासून जिल्हे मोजायला घेतले की चौदावा येतो तो. त्यापुढचे दोन आकडे तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. पाकिटावरचा पत्ता शेवटच्या ओळीपासून वर वाचत जावा, तसा हा क्रमांक देशाच्या नकाशावरून तुम्हाला थेट या दोन खोल्यांच्या दारात आणून सोडतो. भारतात सुमारे १४.७ लाख शाळा आहेत. त्यातल्या कुठल्याही दोन शाळांचा क्रमांक सारखा नाही!

दरवर्षी ३० सप्टेंबर ही तारीख धरून या प्रत्येक शाळेची माहिती भरली जाते. मुली किती, मुलगे किती, खोल्या किती, नळाला पाणी आहे का, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधलाय का. म्हणजे पोडावरच्या शाळेतला नळ चालू आहे की बंद, हे दिल्लीत बसून कळू शकतं. मुख्याध्यापकांनी खरं भरलं असेल तर, अर्थात.

पण खरी गंमत पुढे आहे. हा क्रमांक म्हणजे नुसती मोजदाद नव्हे. या पत्त्यावर पुस्तकं येतात, तांदूळ येतो, निधी येतो. एका सहा वर्षांच्या मुलीपर्यंत हे सगळं पोचवायला किती हात लागतात, हे एकेक करून बघितलं की थक्क व्हायला होतं.

सगळ्यात आधी, शाळा इथे आलीच कशी? तीसेक मुलांसाठी कुणी बाजारात दुकानसुद्धा टाकणार नाही. शाळा मात्र आहे, कारण कायदा तसं सांगतो. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असा त्याच्या नियमांचा दंडक. किती साधी गोष्ट वाटते! पण नीट बघा, इथे अंतर मोजायला सुरुवात शाळेपासून होत नाही, मुलाच्या घरापासून होते. सहा वर्षांचं मूल स्वतःच्या पायांनी किती चालेल, याचा विचार कायद्याच्या नियमांत बसवलेला आहे. पट ६० पर्यंत असला तरी शिक्षक दोन, हेही त्याच कायद्यात.

बरं, ही शाळा चालवतं कोण? मुंबईचं मंत्रालय? नाही. दिल्ली तर नाहीच. ती चालवते यवतमाळची जिल्हा परिषद. आणि इथे या जिल्ह्याची स्वतःची एक भन्नाट गोष्ट येते.

पुसद तालुक्यात गहुली नावाचं बंजारा वस्तीचं गाव आहे. तिथे १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईकांचा जन्म झाला. पुढे ते ११ वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याआधीचं त्यांचं एक काम कदाचित त्याहून मोठं ठरलं. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला जन्माला आलं, तेव्हा त्याच्या पोटात तीन वेगवेगळ्या घड्या होत्या. पश्चिम महाराष्ट्रात मुंबई प्रांतातली लोकल बोर्डं आणि स्कूल बोर्डं, मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाची पद्धत, तर विदर्भात मध्य प्रांताच्या जनपद सभा. गावची शाळा कुणाच्या हाताखाली, याचं उत्तर तुम्ही राज्याच्या कुठल्या कोपऱ्यात उभे आहात यावर ठरायचं.

हा गुंता सोडवायला १९६० च्या जूनमध्ये एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होते तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक. देशभर तेव्हा बळवंतराय मेहता समितीचा बोलबाला होता आणि त्या समितीचा भर होता गटावर, म्हणजे आपल्या भाषेत तालुक्यावर. नाईक समितीने वेगळी वाट धरली. खरी ताकद जिल्ह्याला द्या, असं तिचं म्हणणं. का? तालुका एकट्याच्या बळावर इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षणाधिकारी असा फौजफाटा सांभाळू शकत नाही आणि मुंबई तर गावापासून फार लांब. जिल्हा या दोहोंच्या मधला. पैसा आणि माणसं पेलण्याइतका मोठा, तरी तक्रार घेऊन सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी परत येईल इतका जवळ.

समितीने मार्च १९६१ मध्ये २२६ शिफारशी हाती ठेवल्या. वर्षअखेरीस कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात आल्या. म्हणजे आज कोकणातल्या वाडीवर, सातपुड्याच्या पाड्यावर किंवा मराठवाड्याच्या तांड्यावर ‘जि. प. प्राथमिक शाळा’ ही पाटी दिसते, तिचा आराखडा यवतमाळच्या माणसाच्या अध्यक्षतेखाली ठरला. ज्या नाईकांना स्वतःच्या प्राथमिक शिक्षणासाठी या गावातून त्या गावात जावं लागलं होतं, त्यांच्याच समितीने शाळा गावाच्या जवळ आणली.

आता पुस्तक बघा. विदर्भात ऊन जाता जात नाही, म्हणून इथल्या शाळा उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. आणि शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांच्या हातात पुस्तक पडावं, अशी धडपड असते. हे पुस्तक बालभारतीचं. पुण्यात २७ जानेवारी १९६७ रोजी ही संस्था स्थापन झाली, तेव्हा मुख्यमंत्री होते तेच वसंतराव नाईक. छापखान्यातून भांडारात, भांडारातून पंचायत समितीत, तिथून केंद्रशाळेत आणि केंद्रशाळेतून कधी टेंपोत तर कधी गुरुजींच्या मोटारसायकलवर बांधून पुस्तकाचे गठ्ठे पोडावर येतात. मुंबईतल्या अनुदानित शाळेत बसलेला पहिलीचा मुलगा आणि झरी-जामणीतली पहिलीची मुलगी एकच चित्र बघत असतात. दोघांनाही ते पुस्तक फुकट मिळालेलं असतं.

पुस्तक वाचायला पोटात काहीतरी हवं ना? मग चला, शाळेच्या स्वयंपाकाच्या शेडकडे. सकाळी साडेदहाचा सुमार. आज पट बत्तीस. मदतनीस ताई तांदूळ मोजून घेतात, ३ किलो २०० ग्रॅम. डाळ ६४० ग्रॅम. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ-कडधान्य, सहावी ते आठवीला १५० आणि ३० ग्रॅम, हे प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून लहान मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा हिशोब.

हा हिशोब जरा पुढे नेऊया. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरते. दिवसाला १०० ग्रॅम म्हणजे वर्षाला २० किलो. पाच वर्षांत? एक क्विंटल! कापसाचा भाव क्विंटलमध्ये बोलणाऱ्या या जिल्ह्यात हे माप कुणालाही समजवावं लागणार नाही. पहिलीत आलेली मुलगी पाचवी पास होऊन जाते, तोवर देशाने तिच्या ताटात एक क्विंटल तांदूळ शिजवून वाढलेला असतो.

शिजवून, हे महत्त्वाचं. शाळेतल्या जेवणाची ही योजना १९९५ ची. पण सुरुवातीला मुलांना महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ घरी दिला जायचा. घरी गेलेला तांदूळ घरातली सगळी तोंडं वाटून खाणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. मग सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला, की शाळेतच शिजवून गरम जेवण द्या. त्या एका आदेशाने तांदळाचा रस्ता बदलला. पोतं घराकडे जायचं थांबलं आणि मुलं ताट घेऊन ओळीत बसली.

आता तुमच्या मनात आलंच असेल, की याला पैसा कुठून येतो? तुमच्याच खिशातून. नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या बिलावर ‘शिक्षण कर’ अशी एक ओळ असते, ती १९६२ च्या कायद्याने आलेली. आयकर भरत असाल तर त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर लागतो. बाकी मोठा भाग राज्याच्या आणि केंद्राच्या तिजोरीतून. त्या तिजोरीत तर साबणाची वडी विकत घेणारा प्रत्येक जण भर घालतो, शेतमजूरसुद्धा. म्हणजे पोडावरची शाळा ही कुणाची मेहेरबानी नाही. त्या पोडाने साबणाच्या वडीमागे आपला वाटा भरलेला आहे.

शाळा, पुस्तक, जेवण, सगळं आलं. तरी सगळ्यात अवघड काम अजून बाकीच आहे. कोलामांची कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. म्हणजे पोडावरचं पोर पहिल्या दिवशी शाळेत येतं, तेव्हा गुरुजींची मराठी त्याच्यासाठी वेगळ्या बोलीची नव्हे, वेगळ्या घराण्याची भाषा असते. आधी कानाला सवय, मग तोंडाला, मग अक्षर. हे कसं जमवायचं, ते गुरुजींना कोण शिकवणार?

त्यासाठीही एक साखळी आहे. दहा-बारा शाळांचं एक केंद्र आणि त्यावर केंद्रप्रमुख. केंद्रातले शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र बसतात आणि आपल्या वर्गात काय चाललं, काय फसलं ते एकमेकांना सांगतात. तालुक्याला गटसाधन केंद्र, तिथे विषयांचे साधनव्यक्ती. जिल्ह्याला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था. शिक्षक तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डायट’ म्हणतात. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून या संस्था उभ्या राहिल्या, यवतमाळातही आहे. कल्पना किती धाडसी होती बघा! शिक्षक एकदा डी.एड. झाला की शिकून संपला, ही समजूत मोडायची आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठी जिल्ह्यातच शाळा काढायची.

पाचवी झाली. आता पुढची शाळा लांब. इथे मुलींची गळती सुरू होते. बापाला पोरीची हुशारी दिसत नाही असं नाही, त्याला मधला सुनसान रस्ता दिसतो. मग रस्त्यावर उपाय केला तर? मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत शाळेच्या वेळेला धरून एसटीच्या खास बस धावतात आणि आठवी ते बारावीच्या मुलींना त्यात तिकीट नसतं. यवतमाळ जिल्ह्यातले तालुकेही या कार्यक्रमात आहेत. एका मुलीचं शिक्षण टिकवायला कधी नवा अभ्यासक्रम लागत नाही, वेळेवर येणारी बस लागते. आणि शिक्षण वाचवायला परिवहन महामंडळ धावून येतं!

काहींसाठी बससुद्धा पुरत नाही. त्यांच्यासाठी राहण्या-जेवणासह आश्रमशाळा. आदिवासी विकास विभागाची या जिल्ह्यात पांढरकवडा आणि पुसद अशी दोन प्रकल्प कार्यालयं आहेत. परीक्षेची चुरस झेलणाऱ्या मुलांसाठी घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याला जवाहर नवोदय विद्यालय आहे. १९८५-८६ मध्ये देशात प्रयोग म्हणून पहिली दोनच नवोदय विद्यालयं उघडली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं कुठे? आपल्या शेजारी, अमरावतीला. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० मुलं, निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाला, एक तृतीयांश मुलींना. नववीत तर काही मुलं वर्षभरासाठी थेट हिंदी भाषक राज्यातल्या नवोदय विद्यालयात राहायला जातात आणि तिकडची इकडे येतात. घाटंजीच्या पोराला परप्रांत दाखवायची सोय सरकारने वेळापत्रकात घालून ठेवली आहे.

आणि ज्याला पुस्तकापेक्षा हातातलं काम आवडतं त्याचं काय? दहावीनंतर तो आयटीआयची वाट धरतो. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासूनची, आणि तालुक्याला निदान एक शासकीय आयटीआय हे राज्याचं धोरण. फिटरच्या वर्गात पहिल्या महिन्यांत डोकावा. पोरगा शिकंज्यात पोलादाचा तुकडा घट्ट बसवतो आणि कानस चालवायला लागतो. पुढे रेटताना जोर, मागे घेताना सैल. मग तुकडा उजेडाकडे धरून त्यावर गुण्या टेकवतो. मधून उजेडाची बारीक रेघ दिसली तर पुन्हा कानस. रेघ नाहीशी झाली की कोपरा काटकोनात आला. मग व्हर्नियर कॅलिपर. त्यावर एका मिलिमीटरचे ५० भाग मोजता येतात. तीन-चार आठवड्यांपूर्वी जो हात विळा-वखर चालवत होता, तो आता मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाशी झुंजतो आहे! दोन वर्षांनी त्याला मिळणारं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र पुण्यात चालतं आणि चेन्नईतही. शिवाय शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असं तो सांगतो. म्हणजे कारखान्यांनाही थोडी शाळा व्हावंच लागतं.

जो शेतातच राहिला, त्याची शाळा सुटली का? तीही नाही. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मधलं, पुन्हा नाईकांच्याच कारकिर्दीतलं. त्याच्या अखत्यारीत यवतमाळला कृषी विज्ञान केंद्र आहे. या केंद्रांची शिकवण्याची रीत फार आवडावी अशी. वर्ग भरतो शेतकऱ्याच्या शेतात. नवं वाण, नवी पद्धत त्याच्याच रानात लावून दाखवायची, शेजारी त्याची नेहमीची पद्धत ठेवायची आणि फरक त्याच्याच डोळ्यांनी बघू द्यायचा.

गुलाबी बोंडअळीचं उदाहरण घ्या. कपाशीत कामगंध सापळा टांगतात. आत मादी पतंगाच्या वासाची गोळी. त्या वासाने नर पतंग येतात आणि अडकतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग सापडले, तर समजायचं की आता उपाय करायची वेळ आली. त्याआधी फवारणीची घाई नको. साधं मोजणं आहे, पण त्याने फवारणीचा खर्च वाचतो आणि जीवही. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. वाऱ्याची दिशा बघा, तोंड-नाक झाका, औषधं मनाने एकत्र करू नका, हे वेळेवर कानी पडणं म्हणजे काय, ते या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. प्रशिक्षण हा शब्द कागदावर किती कोरडा दिसतो!

गावातलं वाचनालयही या साखळीतलंच. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. गावकऱ्यांनी चालवलेल्या वाचनालयांना त्यानुसार अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं. दुपारी तिथे वर्तमानपत्र चाळणारे आजोबा आणि पोलीस भरतीचं पुस्तक उघडून बसलेला नातू, दोघंही सरकारी विद्यार्थीच म्हणायचे.

एवढी लांब साखळी म्हणजे तुटायच्या जागाही तेवढ्याच. शिक्षकाचं पद रिकामं राहिलं, बस बंद पडली, शिष्यवृत्तीचा अर्ज एका दाखल्यावाचून अडकला, की वरच्या सगळ्या कड्या जागच्या जागी असूनही मुलीपर्यंत काही पोचत नाही. पट कमी झाला की शाळा राहील की जाईल ही धाकधूक वेगळीच. मग हे लक्षात कुणी आणून द्यायचं?

कायद्याने त्याचंही उत्तर देऊन ठेवलंय, आणि सगळ्या नवलांत मला हे सर्वांत मोठं वाटतं. प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक असतात सचिव. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, आलेला पैसा कुठे गेला हे तिने बघायचं असतं. म्हणजे कधी शाळेची पायरी न चढलेली बाई कायद्याने त्याच शाळेची अध्यक्ष होऊ शकते आणि नळ का बंद आहे, असं विचारू शकते. मंत्रालय, जिल्हा परिषद, बालभारती, डायट, एसटी, सगळ्यांनी मिळून जे पाठवलं ते पोचलं की नाही, याची खात्री करायचा अधिकार तिच्या हाती आहे.

तुमचं मूल अशा शाळेत असेल, तर समितीची पुढची सभा कधी आहे ते उद्याच मुख्याध्यापकांना विचारा.